आपला आरोपी, त्यांचा आरोपी

२ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, गोळीबार झाला. आरोप कल्याण पूर्वचे तेव्हाचे भाजप आमदार गणपत गायकवाड यांच्यावर. जखमी झाले शिंदेसेनेचे कल्याण शहरप्रमुख महेश गायकवाड. वाद द्वारली गावातल्या जमिनीचा होता. दालनातल्या कॅमेऱ्याचं चित्रण दुसऱ्या दिवशी घराघरात पोचलं. गोळी आपण झाडली, पोलिसांदेखत मुलाला धक्काबुक्की झाली म्हणून झाडली, असं आमदारांनी स्वतः एका वृत्तवाहिनीला फोनवर सांगितलं होतं.

एवढं सगळं डोळ्यांसमोर असताना पुढचा आठवडाभर आपल्या ठाणे जिल्ह्यात वाद कशावर झाला? ती जमीन नेमकी कुणाची, पोलीस ठाण्यात पिस्तूल घेऊन माणूस आत गेलाच कसा, पोलिसांसमोर दोन गट भिडेपर्यंत वेळ का आली, हे प्रश्न पहिल्याच दिवशी मागे पडले. ठाणे-वाशी लोकलमध्ये, सोसायटीच्या गेटवर, लग्नाच्या पंगतीत जे ऐकू आलं ते असं: "आधी त्यांना किती छळलं ते बघा." "तुमच्याच आमदाराने गोळ्या घातल्या, आता बोला." आणि तिसरीकडून, "दोघेही तुमचेच, सत्तेत एकत्र बसा आणि एकमेकांना मारा." तिन्ही वाक्यं पक्षाबद्दलची होती. गुन्ह्याबद्दलचं एकही नव्हतं.

हा वाद आपल्याकडे दर दोन-चार महिन्यांनी होतो. नाव बदलतं, पक्ष बदलतो, वाक्यं तीच. आपला माणूस असेल तर राजकीय सूडबुद्धी. त्यांचा असेल तर राजीनामा द्या. आपल्या माणसाला जामीन मिळाला की निर्दोष सुटल्यासारखे फटाके, त्यांच्या माणसाला मिळाला की सेटिंग. माझं म्हणणं असं आहे की या भांडणात दोन्ही बाजूंचे नेते सुरक्षित राहतात. बहुतेक आरोपींचं हित खटला लांबण्यात असतं आणि आपण वादच असा घालतो की तो लांबला तरी कुणाचं काही अडत नाही. निकाल आपण आधीच लावलेला असतो, पक्ष बघून.

सूडबुद्धीचा आक्षेप मी झटकून टाकत नाही. तो कित्येकदा खरा असतो आणि त्याची साक्ष सरकारच्याच आकड्यांत आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने राज्यसभेत सांगितलं की ईडीने दहा वर्षांत आजी-माजी खासदार, आमदार आणि राजकीय नेत्यांवर १९३ गुन्हे नोंदवले आणि त्यांतल्या दोन प्रकरणांत शिक्षा झाली. एकशे त्र्याण्णवातली दोन! मनी लाँडरिंगच्या कायद्यात जामीन मिळणं किती कठीण आहे हे संजय राऊत, अनिल देशमुख, नवाब मलिक यांच्या अटकेनंतर महाराष्ट्राने जवळून पाहिलं. राऊतांना नोव्हेंबर २०२२ मध्ये जामीन देताना विशेष न्यायालयाने त्यांची अटकच बेकायदा ठरवली होती. तेव्हा तपासयंत्रणा निष्पक्ष आहेत, गुन्हा दाखल झाला म्हणजे काहीतरी असणारच, हे म्हणणं आता भाबडेपणाचं झालंय.

पण आक्षेप खरा असेल तर तो शेवटपर्यंत न्यावा लागतो. आपण तो अर्ध्यात सोडतो. आपल्या ठाण्यातलंच उदाहरण घेते.

ओवळा-माजिवड्याचे आमदार प्रताप सरनाईक यांच्याकडे नोव्हेंबर २०२० मध्ये ईडीने झडती घेतली. त्यांच्या मुलाचीही चौकशी झाली. जून २०२१ मध्ये सरनाईकांनी उद्धव ठाकरे यांना पत्र लिहिलं की भाजपशी पुन्हा जुळवून घ्या, केंद्रीय यंत्रणांचा विनाकारण होणारा त्रास तरी थांबेल. २०२२ मध्ये ते एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, ज्या मूळ गुन्ह्यावर ती कारवाई उभी होती त्यात मुंबई पोलिसांचा सी समरी अहवाल न्यायालयाने स्वीकारला. सी समरी म्हणजे गुन्हा गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून नोंदवला गेला, असा निष्कर्ष. मूळ गुन्हाच उरला नाही की मनी लाँडरिंगचा आरोपही टिकत नाही, कारण काळा पैसा ज्या गुन्ह्यातून आला म्हणायचं तो गुन्हाच नसतो. डिसेंबर २०२४ मध्ये सरनाईक राज्याचे मंत्री झाले.

यावर ठाण्यात दोन गोष्टी सांगितल्या जातात. समर्थक सांगतात, बघा, साहेब निर्दोषच होते. विरोधक सांगतात, बघा, तिकडे गेले आणि धुऊन निघाले. दोघेही आपापल्या गोष्टीवर खूश आहेत आणि दोघांनीही पुढचा प्रश्न विचारलेला नाही. तक्रारीत दम नव्हता असं समर्थक मानत असतील, तर एका आमदाराच्या घरात शिरून त्याच्या मुलाला चौकशीला नेणाऱ्या यंत्रणेने कुणाला तरी उत्तर द्यायला हवं. ते उत्तर मागायला समर्थकांनीच पुढे यायला हवं होतं. आणि तक्रारीत दम होता असं विरोधक मानत असतील, तर सी समरी अहवालाला तिथेच, कायद्याच्या मार्गाने, आव्हान मिळावं यासाठी त्यांनी आवाज उठवायला हवा होता. यातलं खरं काय हे मी ठरवत नाही. पण दोन्हीपैकी एका बाजूने तरी चिडून उठायला हवं होतं, आणि दोन्ही बाजू चौकात एकमेकींना टोमणे मारून घरी गेल्या.

राज्याच्या पोलिसांचीही हीच कथा आहे, त्यामुळे सगळं खापर केंद्रावर फोडून चालणार नाही. राज्य सहकारी बँकेच्या कर्जवाटपातल्या कथित गैरव्यवहाराच्या प्रकरणात ऑगस्ट २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गुन्हा दाखल झाला. त्यात अजित पवारांसह अनेक पक्षांच्या पुढाऱ्यांची नावं होती. महाविकास आघाडीच्या काळात, २०२० मध्ये, आर्थिक गुन्हे शाखेने तपास बंद करण्याचा अहवाल दिला. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि त्याच शाखेने न्यायालयाला सांगितलं की पुढे तपास करायचा आहे. जुलै २०२३ मध्ये अजित पवार नव्या सरकारात गेले. २०२४ मध्ये त्याच शाखेने पुन्हा तपास बंदचा अहवाल दिला. बँक तीच, कागद तेच, शाखाही तीच. हा सगळा प्रवास एका कागदावर तारखांसह मांडला तर कुठल्याही पक्षाच्या माणसाला मान वर करून बोलता येणार नाही. म्हणूनच तो कुणी मांडत नाही. प्रत्येकजण आपल्या सोयीची एकच तारीख सांगतो.

या भांडणात सगळ्यात आधी नाहीसा होतो तो तक्रारदार. एप्रिल २०२० मधली गोष्ट ठाणेकरांना आठवत असेल. घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका अभियंत्याने आरोप केला की समाजमाध्यमावर टाकलेल्या पोस्टमुळे पोलीस आपल्याला रात्री घरातून घेऊन गेले आणि मंत्री जितेंद्र आव्हाड यांच्या बंगल्यावर आपल्याला मारहाण झाली. आव्हाडांनी मारहाणीशी आपला संबंध नाकारला. ऑक्टोबर २०२१ मध्ये मंत्री असतानाच त्यांना अटक होऊन जामीन मिळाला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढील तपासाची मुभा दिली. पण त्या दिवसांत माझ्या ओळखीतले एरवी समंजस असलेले लोक काय म्हणत होते? "पोस्ट काय टाकली होती ते आधी बघा." पोस्ट किळसवाणी असेल तर तिच्यासाठी कायद्यात कलमं आहेत. घरातून उचलून नेऊन मारण्याचं कलम कुठेच नाही. आणि जे त्या अभियंत्याच्या बाजूने पोटतिडकीने बोलत होते, त्यांतले बरेचजण आपल्या पक्षाच्या माणसावर कुणा सामान्य माणसाने तक्रार केली की लगेच विचारतात, "याला पुढे कुणी केलंय?" तक्रारदार हा कुणाचा तरी मोहरा असणारच, हे आपण इतकं गृहीत धरलंय की एखाद्या माणसाला खरोखर मार बसला असेल ही शक्यताच आपल्या डोक्यात येत नाही.

आता निकालाकडे येते.

उल्हासनगरात घनश्याम भटिजा यांचा खून झाला फेब्रुवारी १९९० मध्ये. दोन महिन्यांत त्यांच्या भावाचाही खून झाला. काँग्रेसचे एकेकाळचे आमदार पप्पू कलानी यांना भटिजा खून प्रकरणात जन्मठेप झाली २०१३ मध्ये. मधल्या तेवीस वर्षांत काय काय होऊन गेलं ते बघा. कलानी तुरुंगात असताना निवडून आले. १९९५ च्या प्रचारात कलानी हे नाव युतीने काँग्रेसविरुद्ध सभासभांतून वापरलं. शिक्षेनंतरच्याच वर्षी त्यांच्या पत्नी ज्योती कलानी राष्ट्रवादीच्या आमदार झाल्या. आणि २०१८ मध्ये त्यांच्या सूनबाई पंचम कलानी उल्हासनगरच्या महापौर झाल्या, त्या भाजपकडून. पत्नीने किंवा सुनेने निवडणूक लढवण्यात बेकायदा काहीही नाही आणि त्यांच्यावर खुनाचा आरोप कधी नव्हता. मुद्दा पक्षांचा आहे. ज्या नावावर एका पिढीने मतं मागितली, त्याच घरातलं माणूस पुढच्या पिढीने आपल्या चिन्हावर बसवलं. मधल्या काळात भटिजांच्या घरच्यांना काय वाटलं असेल, हा विषय एकाही जाहीरनाम्यात आला नाही.

निवडून आल्यावर पुढारी म्हणतात, "जनतेच्या न्यायालयाने मला निर्दोष ठरवलं." हे वाक्य मला सगळ्यात जास्त संताप आणतं. मतदाराने पाणी, रस्ता, जात, ओळख, भीती, उपकार अशा शंभर गोष्टी बघून बटण दाबलेलं असतं. त्याच्यासमोर ना साक्षीदार आला, ना शवविच्छेदनाचा अहवाल. लाखभर मतांनी निवडून आलेला माणूस गुन्हेगार असू शकतो आणि अनामत जप्त झालेला निर्दोष असू शकतो. मतपेटीतून यातलं काहीच कळत नाही.

उशिराचा तोटा फक्त फिर्यादीला होतो असंही नाही. १९८९ च्या ठाणे महापौर निवडणुकीत शिवसेनेची मतं फुटली आणि नंतर शिवसेनेचेच नगरसेवक श्रीधर खोपकर यांचा खून झाला. त्या प्रकरणात शिवसेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांना टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झाली, पुढे जामीन मिळाला. २००१ मध्ये दिघेसाहेब गेले तोवर निकाल आला नव्हता. ठाण्यात आजही घराघरात त्यांचा फोटो आहे आणि आजही त्यांचा विरोधक एका दमात खोपकर हे नाव घेतो. निकाल वेळेवर आला असता तर तो दोषी असो वा निर्दोष, शहराला एक खरं उत्तर मिळालं असतं. खोपकरांच्या कुटुंबाला ते हक्काचं होतं. दिघ्यांना मानणाऱ्यांनाही ते हक्काचं होतं. आता दोघांच्याही हातात फक्त आपापली खात्री उरली आहे.

उशीर म्हणजे नेमकं काय हे ज्यांनी न्यायालय बाहेरूनच पाहिलं त्यांना सांगायला हवं. एका मारहाणीच्या खटल्यात साक्षीदार असलेल्या ओळखीच्या बाईंसोबत मी एकदा गेले होते. आरोपी त्यांच्या भागातला माजी नगरसेवक. बाई ऐरोलीत पोळीभाजी केंद्र चालवतात. त्या दिवशी केंद्र बंद ठेवून, दोन डब्यांच्या ऑर्डरी सोडून आल्या होत्या. समन्स प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं. पुकारा झाला तेव्हा आरोपीच्या वकिलांनी हजेरी माफीचा अर्ज दिला, प्रकृती बरी नसल्याचा. सरकारी वकिलांनी मान हलवली, पुढची तारीख पडली. सगळं मिळून चहा गार व्हायलाही वेळ लागला नसता. बाहेर व्हरांड्यात दोन तरुण उभे होते. त्यांनी बाईंना नमस्कार केला आणि अगदी आदराने म्हणाले, "काकू, तुम्ही कशाला एवढा त्रास घेता?" धमकी म्हणावी असा एकही शब्द त्यात नव्हता. परत येताना बाई गप्प होत्या. त्या घाबरल्या नव्हत्या, दमल्या होत्या. साक्षीदार फितूर झाला असं आपण बातमीत वाचतो तेव्हा त्यामागे पैसा किंवा पिस्तूल असेल असं आपल्याला वाटतं. कित्येकदा नुसत्या तारखाच असतात.

कायद्यात याला उत्तर नाही असं नाही. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की खासदार-आमदारांवरचे गंभीर खटले आरोपनिश्चितीपासून एका वर्षात संपवावेत. २०१७ मध्ये त्यांच्यासाठी विशेष न्यायालयांचा आदेश आला. २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता मिळाली. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय लोकप्रतिनिधींवरचे खटले मागे घेण्यावर बंदी आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयांनी या खटल्यांवर स्वतःहून देखरेख ठेवावी असा आदेश झाला. यातला एकही आदेश अमलात यावा म्हणून कुठल्या पक्षाने ठाण्यात मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही. नेत्याच्या अटकेविरुद्ध मात्र रस्ता रोको होतो, टायर जळतात. एकदा तरी कार्यकर्त्यांनी फलक धरावा की आमच्या साहेबांचा खटला रोज चालवा! साहेब निर्दोष असतील तर त्यांच्यासाठी याहून चांगली मागणी कोणती?

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने १३० वी घटनादुरुस्ती मांडली. पाच वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात सलग तीस दिवस कोठडीत राहिलेल्या मंत्र्याचं, मुख्यमंत्र्याचं, पंतप्रधानाचंही पद जावं, अशी तिची कल्पना. ऐकायला कडक वाटते आणि माझ्या ओळखीतल्या अनेकांना ती आवडली. मला ती धोक्याची वाटते. अटक कुणाला आणि कधी करायची हे सरकारच्या हाताखालची यंत्रणा ठरवते, आणि त्या १९३ आणि दोनच्या हिशोबानंतर एवढी मोठी किल्ली तिच्या हाती देणं मला पटत नाही.

रेषा आखायचीच तर ती आरोपनिश्चितीवर आखावी. गुन्हा पोलीस नोंदवतात, अटक पोलीस करतात, दोषारोपपत्रही पोलीसच देतात. आरोपनिश्चितीच्या वेळी न्यायाधीश पहिल्यांदा सगळे कागद समोर ठेवून, दोन्ही बाजू ऐकून ठरवतो की हा माणूस खटल्याला उभा करण्याजोगा आहे की त्याला इथेच सोडावं. विधी आयोगाने २०१४ च्या २४४ व्या अहवालात हेच सुचवलं होतं: पाच वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात आरोप निश्चित झाले तर निवडणूक लढवता येऊ नये, आणि अर्जांच्या छाननीआधीच्या एका वर्षात दाखल झालेले आरोप धरू नयेत, म्हणजे ऐन निवडणुकीत कुणाला अडकवता येणार नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे काम संसदेचं असल्याचं सांगितलं. संसदेने ते अजून केलेलं नाही. २०२४ च्या लोकसभेत निवडून आलेल्या ५४३ पैकी २५१ जणांनी आपल्यावर फौजदारी खटले असल्याचं स्वतःच्या प्रतिज्ञापत्रात लिहिलंय, तेव्हा घाई कुणाला असणार? त्या २५१ मध्ये जमावबंदी मोडून मोर्चा काढणारे आहेत आणि खुनाच्या प्रयत्नाचे आरोपी आहेत. वाद घालताना आपण त्यांना एकाच आकड्यात कोंबतो. पाण्यासाठी पालिकेच्या दारात ठिय्या दिला म्हणून गुन्हा झालेल्या नगरसेविकेचा त्यात अपमान होतो आणि खंडणीखोराची त्यात सोय होते.

आणि कुटुंबाचं काय? मुलगा, मेहुणा, सून यांना केवळ नात्यामुळे चिखलात ओढणं मला मान्य नाही, मग ते घर माझ्या नावडत्या पक्षाचं का असेना. नातं हा गुन्हा नव्हे. पण कंपनीच्या कागदावर सही कुणाची, जमिनीचे पैसे कुणाच्या खात्यातून गेले, अपघातानंतर पोलीस ठाण्यात फोन कुणाचा आला, हे प्रश्न नात्याचे नाहीत, कृतीचे आहेत आणि ते विचारलेच पाहिजेत. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात पती-पत्नी आणि अवलंबून असलेल्या मुलांची मालमत्ता आणि उत्पन्नाचा स्रोत लिहावा लागतो. फौजदारी खटले मात्र फक्त उमेदवाराचे. त्यामुळे तुरुंगातल्या नेत्याच्या घरातून कुणी उभं राहिलं की गुन्ह्यांचा रकाना स्वच्छ दिसतो, आणि कायद्याने तो स्वच्छच असतो. गोळीबारानंतर नऊ महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, कल्याण पूर्वेतून गणपत गायकवाड यांच्या पत्नी सुलभा गायकवाड भाजपच्या चिन्हावर निवडून आल्या. त्यांच्या उभं राहण्याच्या हक्काबद्दल माझी तक्रार नाही. पक्षाला दुसरं कुणी का दिसलं नाही, हे पक्षाने सांगायला हवं होतं.

खटले असलेल्या उमेदवाराच्या बाबतीत तर हे सांगणं सक्तीचं आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की लोकसभा-विधानसभेसाठी अशा माणसाची निवड केल्यावर पक्षाने ४८ तासांत कारण जाहीर करावं, आणि निव्वळ निवडून येण्याची क्षमता हे कारण चालणार नाही. ही निवेदनं वर्तमानपत्रांत बारीक टाइपात येतात आणि आपण ती वाचत नाही. प्रतिज्ञापत्रात गुन्ह्याचा क्रमांक, न्यायालय, कलमं आणि आरोप निश्चित झालेत की नाही याचे वेगळे रकाने असतात. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आरोपीचं नाव, न्यायालय आणि वर्ष टाकलं की आजवर किती तारखा पडल्या ते दिसतं. पुढच्या वेळी कळव्यात किंवा घणसोलीत सोसायटीच्या आवारात उमेदवार हात जोडत येईल, तेव्हा हे दोन कागद छापून हातात ठेवा. सुरुवात आपण ज्याला मत देणार आहोत त्याच्यापासून करा, आणि त्याला विचारा की गेल्या वर्षभरात त्याच्या वकिलांनी किती वेळा तारीख मागून घेतली.